चेहरा ओळखणारे फाटक आणि चाळीस मिनिटांचे भाषण

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पुणे परिसरातील एका गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या पंचेचाळिशीतील वाचकाचे हे पत्र आहे. ते एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतात. संगणकशास्त्राची किंवा कायद्याची पदवी त्यांच्याकडे नाही, मात्र शाळेत असल्यापासून संगणकाचे वेड आहे आणि गेली दहा-बारा वर्षे खासगीपणा, सांकेतिकीकरण आणि माहिती-तंत्रज्ञानाचे कायदे यांविषयी ते नेमाने वाचत आले आहेत. त्यांच्या संस्थेच्या व्यवस्थापक समितीने प्रवेशद्वारावर चेहरा ओळखणारे यंत्र बसवण्याचा प्रस्ताव आणला. सभासद, भाडेकरू, घरकामाच्या मावशी, वाहनचालक अशा सर्वांचे चेहरे त्यात नोंदवले जाणार आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत या वाचकांनी त्याविरुद्ध चाळीस मिनिटे भाषण केले. सचिवांनी मध्येच विचारले, “तुमचा फोनसुद्धा चेहरा पाहूनच उघडतो ना?” आणि सभा हसली. त्यानंतर एका वकील सभासदाने, ज्या निकालाचा आधार घेतला तो आपल्या संस्थेला थेट लागूच होत नाही, असे सांगितले. विषय विशेष सभेपर्यंत पुढे ढकलला गेला, परंतु वाचकांची अवस्था अशी झाली आहे की लिफ्टमध्येही कोणी त्यांच्याशी तो विषय काढत नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही साध्या गोष्टीचेही व्याख्यान करता.” शहात्तर वर्षांचे वडील फोनची अडचण घेऊन आता कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात जातात. त्यांनी आपला यूपीआयचा पिन तिथल्या मुलाला सांगितल्याचे नुकतेच कळले. कारण विचारल्यावर ते म्हणाले, “तो ओरडत नाही.” वाचक विचारतात : मी न्यायालयात जावे की गप्प बसावे? सनद नसलेल्या माणसाने कायद्यावर मत मांडू नये का? आणि बरोबर असूनही मी एकटा का पडतो?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चेहरा नोंदवण्याबाबत तुम्हाला वाटणारी काळजी मला रास्त वाटते, हे आधीच सांगतो, कारण पुढचा बराच मजकूर तुमच्या भाषणातील चुकांविषयी आहे. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही, हे तुमचे म्हणणे सभेने हसण्यावारी नेले तरी खरेच आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे दोन त्यावर उभे आहेत. “बरोबर असूनही” असे तुम्ही लिहिता. तुम्ही कशाबाबत बरोबर होता? पत्रासोबत पाठवलेल्या भाषणाच्या टिपणांत तीन वेगवेगळ्या प्रकारची विधाने एकात एक मिसळली आहेत. काही विधाने यंत्र काय करते याविषयी आहेत, काही कायदा काय म्हणतो याविषयी, आणि काही आपण शेजारी म्हणून काय पत्करावे याविषयी. पहिल्या प्रकारचे विधान मोजून तपासता येते, दुसरे कलम आणि निकाल वाचून तपासता येते, तिसऱ्यावर मात्र मतदानच घ्यावे लागते. तुम्ही तिन्ही एकाच दोरीत ओवलीत. वकिलांनी एक गाठ सोडली तेव्हा सगळे मणी सांडले, त्यातले जे खरे होते तेसुद्धा.

यंत्रापासून सुरुवात करू. “आपल्यासारख्या सावळ्या चेहऱ्यांवर ही यंत्रे पस्तीस टक्के चुकतात, असे संशोधनाने सिद्ध झाले आहे,” असे तुम्ही सभेत सांगितले. हा आकडा जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संगणक-संशोधकांच्या २०१८ सालच्या अभ्यासातून आलेला आहे. तो अभ्यास महत्त्वाचा आहे आणि त्याने या क्षेत्राला खडबडून जागे केले. पण त्यात तपासले होते ते छायाचित्रातील व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे ओळखण्याचे काम. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत सर्वाधिक चूक ३४.७ टक्के आढळली, तर उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत कमाल ०.८ टक्के. तुमच्या फाटकावरचे यंत्र हे काम करणारच नाही. ‘हा चेहरा नोंदवलेल्या हजार चेहऱ्यांपैकी कोणाचा’ एवढेच त्याला सांगायचे आहे. त्या कामासाठी तुम्ही अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेचा डिसेंबर २०१९ चा अहवाल उघडायला हवा होता. १८९ प्रणालींची तपासणी करून त्या संस्थेने असे मांडले की भलत्याच माणसाला ‘हाच तो’ म्हणण्याची चूक अनेक प्रणालींमध्ये वंश आणि जन्मप्रदेश यांनुसार दहा ते शंभर पटींपर्यंत बदलते. त्याच अहवालात हेही आहे की सर्वांत अचूक प्रणालींपैकी काहींमध्ये हा फरक नगण्य होता. म्हणजे ‘सगळी यंत्रे वाईट’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ‘आम्हाला विकले जाणारे यंत्र यांपैकी कोणते, आणि त्याची चाचणी कोणी घेतली’ असा प्रश्न निघतो, आणि त्याचे उत्तर विक्रेत्याकडे मागता येते.

तुम्ही गुणवत्ता तपासणीत आहात, म्हणून एक हिशेब तुमच्या भाषेत मांडतो. यंत्र चेहऱ्याचे आकड्यांच्या एका मालिकेत रूपांतर करते आणि दोन मालिकांतील अंतर ठरावीक उंबरठ्यापेक्षा कमी असेल तर ‘जुळले’ म्हणते. उंबरठा कडक केला तर खऱ्या रहिवाशालाही ते अडवते, सैल केला तर परक्यालाही आत सोडते. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत, हे तुम्हाला गेजच्या तपासणीवरून ठाऊकच आहे. समजा, दिवसाला दोन हजार प्रवेश होतात आणि खऱ्या माणसाला नाकारण्याचे प्रमाण हजारात एक आहे : रोज दोन माणसे फाटकाबाहेर तिष्ठत राहतील, त्यातली एखादी हातात भाजीची पिशवी आणि कडेवर मूल घेतलेली असेल. समजा, दोन परक्या चेहऱ्यांचा चुकीचा मेळ बसण्याची शक्यता लाखात एकच आहे. पण फाटकाशी आलेला अनोळखी चेहरा हजार नोंदींशी ताडला जाणार, त्यामुळे त्याचा कोणाशी तरी मेळ बसण्याची शक्यता शंभरात सुमारे एक होते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या विक्रेत्याचे आकडे त्याच्याकडून लेखी घ्या. पण सभेत हे दोन मिनिटांत सांगता आले असते आणि ते नाकारायला कोणाला वकिली लागली नसती, की समर्थन करायला तुम्हाला परदेशी अभ्यास.

सचिवांच्या फोनवरच्या टोल्याचे उत्तरही याच हिशेबात आहे, आणि ते तुम्हाला त्या क्षणी सुचले नाही याचे मला आश्चर्य वाटले. बहुतेक आधुनिक फोनमध्ये चेहऱ्याची नोंद फोनच्याच सुरक्षित भागात राहते, एकाच माणसाच्या नोंदीशी ताडली जाते, आणि फोनचा मालक ती हवी तेव्हा पुसू शकतो. फाटकाच्या यंत्रात चेहरा हजारांशी ताडला जातो, नोंद दुसऱ्याच्या ताब्यात असते, आणि प्रत्येक वेळी ‘कोण, केव्हा’ याची तारीखवार नोंदवही तयार होते. सचिवांचा प्रश्न हास्यास्पद नव्हता. तुम्ही त्यांना अडाणी ठरवले म्हणून तो टोला वाटला. त्यांना खरोखरच फरक जाणून घ्यायचा असेल, अशी शक्यता तुमच्या सात पानांत कुठेही डोकावत नाही.

आता कायदा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, हे तुम्ही बरोबर सांगितले. त्या निकालातून निघालेली कसोटीही तुम्ही नीट मांडली : हस्तक्षेपामागे कायदा हवा, हेतू वैध हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. परंतु मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध बजावायचे असतात, आणि नोंदणीकृत सहकारी संस्था म्हणजे सर्वसाधारणपणे शासन नव्हे. २०१३ सालच्या केरळमधील सहकारी संस्थांच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका याच दिशेची होती. वकील सभासद बरोबर होते. मात्र त्यांचे म्हणणे अर्धेच होते आणि उरलेले अर्धे तुमच्या उपयोगाचे आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा खासगी संस्थांनाही कक्षेत घेतो. एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो वगळतो, पण शेकडो लोकांचे चेहरे नोंदवणारी गृहनिर्माण संस्था ‘घरगुती कारण’ कसे सांगणार? या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असावे लागते. संमती मागताना द्यायची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी, म्हणजे ती मराठीतही मागता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. यात एक मेख आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवर २०११ चे जुने नियम आहेत. ते जैविक ओळखीची माहिती ‘संवेदनशील’ मानतात, पण रोख व्यावसायिक संस्थांवर असल्याने गृहनिर्माण संस्था त्यात बसते की नाही यावर वाद होऊ शकतो. (नव्या कायद्याने ‘संवेदनशील’ हा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. जुना नियम या एका बाबतीत अधिक बोलका होता, हे तुमच्यासारख्या वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेलच.) सभेला सांगण्याजोगे वाक्य एवढेच : आज यंत्र बसवले तरी लवकरच या अटी पाळाव्या लागतील, तेव्हा करार आत्ताच त्या अटींवर करावा. खर्चाची चिंता करणाऱ्या खजिनदारांना हे पुट्टस्वामींपेक्षा लवकर पटेल.

‘कायदा तंत्रज्ञानाच्या पन्नास वर्षे मागे आहे’ हे वाक्य तुमच्या टिपणांत चार वेळा आले आहे. ते टाळ्यांचे वाक्य आहे, आणि मला ते अर्धवट वाटते. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद आठवा. उमेदवारी अर्ज मुदतीत भरले गेले की नाही, याचा पुरावा निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणात होता. प्रश्न असा उभा राहिला की या चित्रीकरणाच्या प्रतीसोबत कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र नसेल तर ती पुरावा म्हणून चालेल का. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या प्रकरणात, मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असा निर्वाळा दिला. मात्र त्या खटल्यात प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सारे प्रयत्न झाले होते, हे ध्यानात घेऊन न्यायालयाने अशक्य गोष्टीची सक्तीही केली नाही. संगणकवेड्या माणसाला यात लालफीत दिसते. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने काढलेला ओळख-आकडा, जुळला की झाले, माणसाची सही कशाला, असे त्याला वाटते. पण न्यायालय वेगळाच प्रश्न विचारत असते : उद्या हे खोटे निघाले तर पिंजऱ्यात कोण उभे राहील? हॅशला पिंजऱ्यात उभे करता येत नाही.

गंमत अशी की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसाठीही रकाना आला आहे, आणि सही मात्र तशीच आहे, उलट आता त्यात तज्ज्ञाच्या सहीचाही भाग आहे. त्या रकान्यात एमडी५ आणि एसएचए-१ या हॅश काढण्याच्या जुन्या पद्धतींनाही जागा आहे. एसएचए-१ मध्ये एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फायली घडवता येतात, हे २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवून झाले आहे, आणि एमडी५ तर त्याच्याही कितीतरी आधी मोडीत निघाली. इथे तुमची टीका योग्य जागी बसेल. मात्र ती करताना हेही सांगा की दोन नव्या फायली मुद्दाम जुळवून घडवणे निराळे आणि आधीच जप्त केलेल्या फाइलशी जुळणारी दुसरी फाइल नंतर घडवणे फार अवघड. एवढा बारकावा सांभाळून बोलणारा माणूस वकिलांनाही हवाहवासा वाटतो.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘जरूर मत मांडा’ असेच आहे. आपल्याकडचे या क्षेत्रातले कायदे बिनसनदी लोकांच्या बोलण्यानेही बदलले आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुक नोंदीवरून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. इंटरनेटच्या समान वागणुकीच्या प्रश्नावर दूरसंचार नियामकाला लाखो सामान्य नागरिकांनी पत्रे पाठवली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाच्या दरांवर बंदी आली. त्या लाखोंना डेटाची पाकिटे जाळ्यातून कशी धावतात हे माहीत नव्हते. ‘काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची महाग असे चालेल का’ एवढे एक वाक्य त्यांना कळले होते. कोणीतरी ते वाक्य शोधण्याचे कष्ट घेतले होते.

इथे माझी एक चूक कबूल करतो. कलम ६६-अ रद्द झाले तेव्हा, आता या कलमाखाली देशात एकही गुन्हा नोंदवला जाणार नाही, असे मी एका व्याख्यानात ठासून सांगितले होते. त्यानंतरही अनेक ठिकाणी त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का व्यक्त केला, आणि २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट आदेश द्यावे लागले. निकाल वाचून मी ठाण्यातला अंमलदार काय करील हे गृहीत धरले होते. तुम्ही विक्रेत्याचे माहितीपत्रक वाचून यंत्राविषयी, आणि निकालाचा सारांश वाचून संस्थेविषयी तसेच केले आहे.

आता जी गोष्ट मला सर्वांत अधिक खटकली ती सांगतो. सात पानांत तुम्ही स्वतःच्या चेहऱ्याविषयी लिहिले, मुलाच्या चेहऱ्याविषयी लिहिले. घरकामाच्या मावशींचा उल्लेख एकदाच आहे, तोही समितीच्या प्रस्तावातील यादी उतरवून काढताना. तुम्ही सभासद आहात, तुम्हाला मत आहे, चाळीस मिनिटे बोलण्याचा हक्क आहे, आणि अगदीच नको असेल तर ‘मी चेहरा देणार नाही’ असे म्हणून तुम्ही खटका उडवू शकता. मावशींनी तसे म्हटले तर त्यांची चार घरांची कामे जातील. कायदा ज्या ‘मुक्त’ संमतीची भाषा करतो ती त्यांच्या बाबतीत कागदावरच राहते. शिवाय धुणीभांडी आणि मजुरीची कामे करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्रावर उमटत नाहीत, हे आधारच्या काळापासून आपण पाहतो आहोत. पहिले आधार कार्ड २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले होते. आपल्याकडे यंत्राने माणूस ओळखण्याचा प्रयोग बहुतेक वेळा त्यांच्यापासून सुरू होतो ज्यांना नाही म्हणणे परवडत नाही. तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा हाच होता आणि तो तुम्ही उच्चारलाही नाही. उच्चारला असता तर प्रश्न ‘एका छांदिष्टाचा हट्ट’ राहिला नसता, कारण सभागृहातल्या प्रत्येक घरी एक मावशी येते.

न्यायालयाविषयी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा मार्ग आहे, उपनिबंधकांकडे तक्रारीचाही आहे. पण ज्या ठरावावर अजून मतदानच झालेले नाही त्याविरुद्ध आधीच दावा लावणे म्हणजे लग्नाआधी काडीमोड मागण्यासारखे होईल. वर्षे जातील, पैसे जातील, आणि त्याच जिन्यावरून रोज जायचे आहे. ठराव मंजूर होऊन सक्ती झाली, पर्याय नाकारला गेला आणि लेखी पत्रांना उत्तर मिळाले नाही, तर त्या वेळी वकिलांचा सल्ला घ्या, आणि आत्ताची सगळी पत्रे तारखेनिशी जपून ठेवा. गप्प बसणे हा तुमचा दुसरा पर्याय मात्र मला पटत नाही. तुम्ही गप्प बसलात तर करार कोणी वाचणारच नाही.

तेव्हा मधला मार्ग. विशेष सभेला पाच आठवडे आहेत असे लिहिले आहे. आयत्या वेळचा विषय म्हणून काही आणू नका, आधीच सचिवांना एका पानाचे पत्र द्या आणि ते विषयपत्रिकेसोबत जोडण्याची विनंती करा. पत्रात यंत्राला विरोध नको, प्रश्न हवेत. पहिला प्रश्न असा की हे फाटक कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून आणले जात आहे : गेल्या दोन वर्षांत चोऱ्या किती झाल्या, आणि त्यांतल्या किती या यंत्राने टळल्या असत्या? चोर मागच्या भिंतीवरून आले असतील तर उत्तर आपोआप समोर येईल. चेहऱ्यांच्या नोंदी फाटकावरच्या यंत्रातच राहणार की विक्रेत्याच्या संगणकावर जाणार, करार संपल्यावर त्या पुसल्याचे लेखी प्रमाण मिळणार का, आणि भाडेकरू सोडून गेला किंवा मावशींनी काम सोडले तर किती दिवसांत त्यांची नोंद जाणार, हेही विचारा. मग त्या नोंदवहीकडे वळा, कारण खरा धोका चेहऱ्यापेक्षा तिच्यात आहे आणि तो सर्वांना एका वाक्यात कळतो : ‘कोणाचे घर केव्हा रिकामे असते’ हे सांगणारी यादी कोणाकोणाला दिसणार? हे वाक्य विचारले की सभागृहात बसलेल्या आजोबांपासून नव्या भाडेकरूपर्यंत सगळे मान वर करतील, याची मला खात्री आहे.

सोबत ठरावाला दोन वाक्यांची दुरुस्ती सुचवा : “चेहरा नोंदवणे सभासद, भाडेकरू आणि कामासाठी येणारे सर्व यांच्यासाठी ऐच्छिक राहील, आणि न नोंदवणाऱ्यास कार्ड अथवा नोंदवहीद्वारे तितक्याच सुलभतेने प्रवेश मिळेल. प्रवेशाच्या नोंदी तीस दिवसांनंतर पुसल्या जातील आणि त्या पाहण्याचा अधिकार कोणास आहे हे इतिवृत्तात नोंदवले जाईल.” तीस हा आकडा देवाने दिलेला नाही, सभा पंधरा म्हणो की पंचेचाळीस, घासाघीस होऊ द्या. तुम्हाला संपूर्ण बंदी हवी होती हे मला कळते. पण कार्डाचा पर्याय खरोखर समान असेल तर यंत्र राहिले तरी सक्ती संपते, आणि तुमचा आक्षेप मुळात सक्तीला होता. हे लिहिण्यापूर्वी तुमच्या घरी येणाऱ्या मावशींना विचारा की त्यांना काय सोयीचे वाटते. त्या कदाचित म्हणतील की रोज रजिस्टरात सही करण्यापेक्षा चेहरा दाखवणे बरे, कारण पहारेकरी तिष्ठत ठेवतो. तसे असेल तर तेही पत्रात प्रामाणिकपणे लिहा.

अशाच स्थितीत असलेल्या इतर वाचकांनी, मग ते शाळेतले हजेरीचे यंत्र असो वा कार्यालयातले, पत्रातला वाक्यक्रम हाच ठेवावा : यंत्राविषयीचे वाक्य वेगळे, कायद्याविषयीचे वेगळे, इच्छेविषयीचे वेगळे, म्हणजे एक चुकले तर ते एकटेच मागे घेता येते. कलम उद्धृत करण्यापूर्वी शासनाच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारा मूळ कायदा उघडून त्याची व्याख्या आणि अपवाद ही दोन ठिकाणे तरी वाचावीत. बातमीत ती जवळजवळ कधीच नसतात.

वडिलांचे काम मात्र सभेआधी, आजच करायचे आहे. त्यांच्या शेजारी बसा, फोन त्यांच्याच हातात राहू द्या, आणि पिन त्यांच्याकडूनच बदलून घ्या. नवा पिन तुम्हीही विचारू नका. त्यांना दोनच गोष्टी सांगा : पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही, तेव्हा तसा फोन आला की ठेवून द्यायचा. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोनच्या वेष्टनात ठेवा. सांकेतिकीकरण, मेटाडेटा, कंपन्यांचे हेतू, यांतले काहीही त्या दिवशी बोलू नका. दुकानातल्या मुलाकडून वडिलांना जे मिळत होते ते ज्ञान नव्हते, हे तुम्ही त्यांच्या तीन शब्दांच्या उत्तरावरून ओळखले असेल. तुमच्या घरात सुरक्षिततेविषयी सर्वांत अधिक वाचणारा माणूस असूनही पिन बाहेर गेला, आणि तो कोणत्याही घुसखोराने पळवलेला नाही.

शेवटची सूचना तुम्हाला जड जाईल. पत्राचा मसुदा झाला की पहिली प्रत त्या वकील सभासदांकडे घेऊन जा. सभेत तुम्ही निकालाबाबत चुकला होता आणि ते बरोबर होते, हे त्यांना सांगा, आणि दुरुस्तीची भाषा तपासून देण्याची विनंती करा. सूचक म्हणून तुमचे आणि अनुमोदक म्हणून त्यांचे नाव असेल तर विशेष सभेत तो कागद निराळ्या कानांनी ऐकला जाईल. बोलण्यासाठी सहा मिनिटे पुरेत. आदल्या रात्री मुलाला घड्याळ देऊन समोर बसवा. सातवे मिनिट लागले की तो सांगेलच.